डोंगरातलं भूत कोणाच्या कामाचं?

पावसाळा लागला की मोबाईलवर दोन प्रकारचे व्हिडिओ हमखास येऊन आदळतात. एकात धबधबा असतो. दुसऱ्यात रात्र असते, थरथरता टॉर्च असतो, मागून जोडलेला घुबडाचा आवाज असतो आणि कुणीतरी धापा टाकत सांगत असतं की या गडावर दिवस मावळल्यावर गावकरीसुद्धा पाऊल ठेवत नाहीत. कुठले गावकरी, कुणी सांगितलं, कधी सांगितलं, काही पत्ता नाही. खाली प्रतिक्रियांचा खच. निम्मे म्हणतात, आम्हालाही तिथं कुणीतरी मागून चालल्यासारखं वाटलं होतं. उरलेले म्हणतात, एकविसाव्या शतकात कसल्या भुताखेतांच्या गोष्टी करता. दोन्ही बाजू आपापल्या जागी खूश, आणि व्हिडिओ टाकणारा त्याहून खूश, कारण भांडण जेवढं लांबेल तेवढे त्याचे व्ह्यूज वाढतात.

भुतं नसतात. हे आधीच सांगून टाकलेलं बरं. पण भुताच्या गोष्टी असतात, आणि त्या माणसांकडून काही ना काही करवून घेतात. कुणाला थांबवतात, कुणाला पळवतात, कुणाच्या खिशात पैसे घालतात, कुणाच्या जिवावर उठतात. खरं की खोटं एवढ्यावरच वाद मिटवला की हा हिशेब राहून जातो. माझं म्हणणं असं की डोंगरातल्या भुताची पारख या हिशेबावर व्हावी. गोष्ट ऐकून माणूस काय करतो, आणि त्याची किंमत कोण मोजतं?

यासाठी आधी जरा लांब जातो, स्कॉटलंडला. कारण तिथल्या एका डोंगरावरचं भूत कसं जन्माला आलं याची बऱ्यापैकी नोंद उपलब्ध आहे, आणि ते जन्माला घालणारी माणसं अडाणी नव्हती.

बेन मॅकडुई हा ब्रिटनमधला दुसऱ्या क्रमांकाचा उंच डोंगर. उंची १३०९ मीटर, म्हणजे आपल्या कळसूबाईपेक्षा कमीच. पण उंचीवर जाऊ नका. केर्नगॉर्मच्या पठारावर तो इतका आत आहे की कुठल्याही बाजूनं निघालं तरी रस्त्यापासून माथ्यापर्यंत काही तासांची चाल पडते. माथा म्हणजे टोकदार शिखर नाही, दगडगोट्यांचं रुंद सपाट रान. धुकं उतरलं की चारी दिशा सारख्या. या डोंगरावर ‘मोठा करडा माणूस’ राहतो असं सांगतात. गेलिक भाषेत त्याला नावही आहे.

तो वर्तमानपत्रांत गाजला १९२५ साली. अ‍ॅबरडीन इथं केर्नगॉर्म क्लबची वार्षिक सभा होती आणि बोलायला उभे होते नॉर्मन कॉली. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात रसायनशास्त्राचे प्राध्यापक, रॉयल सोसायटीचे फेलो, त्या काळातले नावाजलेले गिर्यारोहक. १८९५ साली नंगा पर्वतावर ममरी, रघुबीर थापा आणि गोमान सिंग हे तिघे गेले ते परतलेच नाहीत. त्या मोहिमेत कॉली होते. असा माणूस सभेत सांगतो की १८९१ साली मी एकटाच मॅकडुईच्या माथ्यावरून धुक्यात परतत होतो, आणि माझ्या पावलांच्या आवाजाखेरीज आणखी एक आवाज यायला लागला. माझी तीन-चार पावलं पडली की मागे एकदा ‘कर्र’. जणू कुणीतरी माझ्या तिप्पट-चौपट ढांग टाकत मागून येतंय. ‘काय वेडेपणा,’ असं स्वतःला बजावून ते चालत राहिले. आवाजही चालत राहिला. मग मात्र धीर सुटला आणि चार-पाच मैल दगडधोंड्यांतून ठेचकाळत, पार खालच्या रोथीमर्कसच्या जंगलापर्यंत ते पळत आले. पुन्हा एकट्यानं तिथं जाणार नाही, असंही त्यांनी सांगून टाकलं.

दुसरा साक्षीदार अलेक्झांडर केलास. तोही रसायनशास्त्रज्ञच. हिमालयात शेर्पांच्या साथीनं चढाया करण्याची पद्धत ज्यांनी रुजवली त्यांतला हा आघाडीचा माणूस. १९२१ च्या पहिल्या एव्हरेस्ट मोहिमेत तिबेटातल्या कांपा झोंगजवळ वाटेतच वारला. त्यानं आणि त्याच्या भावानं मॅकडुईच्या माथ्याकडून एक अवाढव्य आकृती आपल्या दिशेनं उतरताना पाहिली होती, असं कॉलीला कळलं होतं. तिसरा दाखला १९४३ चा. अलेक्झांडर ट्यूनियन नावाचा निसर्ग अभ्यासक ऑक्टोबरात एकटाच या डोंगरांत भटकत होता. धुक्यातून एक आकार अंगावर चालून आलासा वाटला, जवळ रिव्हॉल्वर होतं, त्यानं धाडधाड तीन गोळ्या झाडल्या. आकार थांबेना. तोही कॉलीसारखाच खाली पळाला.

आता आपल्याकडचा विवेकवादी माणूस लगेच म्हणेल, सोपं आहे, तो ‘ब्रोकन स्पेक्टर’ असणार. मागे सूर्य, पुढे धुकं, आणि त्या धुक्यावर पडलेली आपलीच सावली. धुक्याच्या जाडीत ती लांबवर पसरते, अंतराचा अंदाज चुकतो, म्हणून सावली राक्षसाएवढी वाटते. आपण हात हलवला की तोही हलवतो. केलासला बहुतेक हेच दिसलं असेल. पण कॉलीला? कॉलीला काही दिसलंच नव्हतं. त्यांनी फक्त ऐकलं होतं, आणि तेही दाट धुक्यात, जिथं सूर्याचा पत्ता नव्हता. ब्रोकन स्पेक्टरला सूर्य लागतो. सावली कर्र असा आवाज करत नाही.

हे मुद्दाम सांगतोय. भुताचा खुलासा करायच्या घाईत आपण कित्येकदा हाताला येईल तो खुलासा चिकटवून मोकळे होतो आणि त्यालाच विज्ञान म्हणतो. समोरचा माणूस दूधखुळा नसतो. त्याला कळतं की मी सांगितलं एक आणि याने उत्तर दिलं दुसऱ्याच गोष्टीचं. मग तो भुताकडे आणखी एक पाऊल सरकतो. कॉलीच्या गोष्टीला जवळचं उत्तर माणसाच्या डोक्यात आहे, डोंगरावर नाही. १९३३ मध्ये एव्हरेस्टवर साडेआठ हजार मीटरच्या आसपास एकटा पडलेल्या फ्रँक स्माइथला आपल्यासोबत कुणीतरी दोरावर आहे असं इतकं पक्कं वाटत होतं, की खिशातली पुदिन्याची वडी काढून त्यानं अर्धी मोडली आणि ती देण्यासाठी मागे वळला. मागे कुणी नव्हतं. दक्षिण ध्रुवाच्या मोहिमांवर जाणारा शॅकल्टन आणि त्याचे दोन सोबती १९१६ साली साउथ जॉर्जिया बेटावरचे बर्फाळ डोंगर ओलांडत होते, तेव्हा तिघांनाही आपण चौघं असल्यासारखं वाटत होतं. थकवा, थंडी, एकटेपण आणि डोळ्यांना धरायला काहीच नाही, अशा वेळी मेंदू सोबती तयार करतो. स्माइथला तो मित्र वाटला, कॉलीला शत्रू. फरक एवढाच.

हा फरक कशानं पडतो, हे समजून घ्यायला हरिश्चंद्रगडावर या.

अकोले तालुक्यातला हा गड, १४२४ मीटर उंच. पश्चिमेला कोकणकडा, आत वळलेला, नागफणीसारखा. पावसाळ्याच्या आगेमागे सकाळी सूर्य पाठीशी असताना खाली कोकणात ढग दाटलेले असले, तर कड्याच्या टोकावर उभ्या माणसाला आपली सावली त्या ढगांवर दिसते, आणि सावलीच्या डोक्याभोवती सप्तरंगी गोल कडं. ट्रेकर त्याला इंद्रवज्र म्हणतात. कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्यानं इथं पाहिलेल्या गोल इंद्रधनुष्याचं आणि त्यातल्या सावल्यांचं वर्णन केलं, ते १८३५ साली छापून आलं. शेजारी दहा माणसं उभी असली तरी प्रत्येकाला कडं दिसतं ते फक्त स्वतःच्याच डोक्याभोवती. दुसऱ्याच्या भोवतीचं दिसत नाही. (आपल्या सगळ्या संतांना आणि काही पुढाऱ्यांनाही ही गोष्ट कुणीतरी वेळेत सांगायला हवी होती, असं मला ते वाचल्यावर वाटलं.)

म्हणजे तीच सावली, तेच धुकं. स्कॉटलंडमध्ये त्यातून राक्षस निघतो, कोकणकड्यावर मात्र लोक पहाटे उठून, थंडीत कुडकुडत, ती दिसावी म्हणून रांगेत बसतात आणि दिसली की फोटो काढून वर्षभर मिरवतात. निसर्गातला चमत्कार स्वतःहून भूत होत नाही. बघणारा एकटा आहे का, वाट चुकलाय का, आधी काय ऐकून आलाय, यावर त्याचं भूत व्हायचं की इंद्रवज्र, हे ठरतं.

याच गडावर दुसरी गोष्ट आहे, चकव्याची. खिरेश्वरकडून चढलं की तोलार खिंड लागते. खिंडीत वाघ कोरलेला दगड आहे. तिथून कातळाचा टप्पा चढून वर आलं की मंदिरापर्यंत पठाराची चाल, एकामागून एक टेकाडं, चढा-उतरा, कारवीची दाटी. उन्हात ही वाट कंटाळवाणी आहे. आषाढ-श्रावणात तीच भूलभुलैया होते. दगडावर रंगवलेले बाण दहा पावलांवरून दिसत नाहीत, प्रत्येक टेकाड मागच्या टेकाडासारखं, आणि तासभर चालून माणूस पुन्हा त्याच झुडपापाशी येतो. याला सह्याद्रीत चकवा म्हणतात. चकवा दिसत नाही, बोलत नाही, मारत नाही. तो फक्त फिरवतो.

यात तथ्य किती, याची तपासणी झालेली आहे. जर्मनीतल्या ट्युबिंगेनच्या माक्स प्लांक संस्थेतल्या संशोधकांनी २००९ साली प्रसिद्ध केलेला अभ्यास फार साधा होता. माणसांना अनोळखी जंगलात आणि सहारा वाळवंटात सोडलं, अंगावर जीपीएस दिलं आणि सांगितलं, सरळ चालत राहा. सूर्य किंवा चंद्र दिसत होता तोवर ती बऱ्यापैकी सरळ गेली. आभाळ भरलं तशी जंगलातली माणसं गोल फिरायला लागली, स्वतःचीच वाट स्वतःच ओलांडू लागली, आणि तरी त्यांना वाटत होतं की आपण सरळच चाललोय. डोळे बांधले तर काही जणांचं वर्तुळ वीस मीटर व्यासाइतकं लहान होतं. एक पाय आखूड असतो म्हणून असं होतं, ही जुनी समजूतही टिकली नाही, कारण एकच माणूस कधी डावीकडे वळत होता, कधी उजवीकडे. सरळ चालायला बाहेरची खूण लागते. ती नसली की चुका साचत जातात आणि माणूस फिरतो.

मग चकवा खोटा कसा म्हणणार? भूत खोटं, पण निरीक्षण पक्कं. आणि त्याहून महत्त्वाचं ते पुढे आहे. चकव्याची गोष्ट उपायाशिवाय कुणी सांगत नाही. गावागावांत थोडाफार फरक आहे. कुणी म्हणतं सदरा उलटा घाल, कुणी म्हणतं चपला बदलून घाल, कुणी म्हणतं बिडी पेटव, हाक आली तर ओ देऊ नको. पण सगळ्यांत एक गोष्ट सारखी: चालायचं थांब, बस, उजाडू दे. डोंगरात वाट हरवलेल्याला बचाव पथकं पहिला सल्ला हाच देतात, आहे तिथं थांबा. सदरा उलटा करायचा म्हटलं तरी माणसाला थांबावं लागतं, दोन मिनिटं जातात, धास्ती ओसरते, डोकं चालायला लागतं. बिडीचं तेच. ज्यांनी ही गोष्ट घडवली त्यांना कुणाला घाबरवून सोडायचं नव्हतं. रात्री कड्याच्या दिशेनं धावत सुटणारा माणूस त्यांना जागेवर बसवायचा होता.

अर्थात चकव्याला डोक्यावर घेऊन नाचायचं कारण नाही. त्याचा सल्ला घोंगडी किंवा इरलं घेऊन हिंडणाऱ्या, चकमक-काडेपेटी जवळ बाळगणाऱ्या गुराख्यासाठी होता. ओलाचिंब टी-शर्ट घातलेला शहरी पोरगा भर पावसात, वाऱ्यात रात्रभर नुसता बसून राहिला तर तो गारठून मरू शकतो. ऑगस्ट २०२३ मध्ये याच गडावर पुण्याहून गेलेला एक गट धुक्या-पावसात वाट चुकला आणि त्यातला एक जण थंडीनं गेला. महाराष्ट्रात थंडीनं माणूस मरतो, तोही पावसाळ्यात, हे आपल्याला पटतच नाही. पण अंग ओलं आणि वारा जोराचा असला की त्याला बर्फ पडावं लागत नाही. म्हणून चकव्याच्या गोष्टीत आता भर घालायला हवी: कोरडा कपडा, प्लास्टिकचा मोठा कागद, आणि निघण्याआधी खाली गावात कळवणं. लोककथा अशीच वाढत आलेली आहे. भर घातली म्हणून ती बाटत नाही.

आता त्या व्हिडिओंकडे वळू. त्यांतलं भूत तपासा. पांढऱ्या साडीतली बाई, कड्यावरून उडी टाकलेली कुणी राणी, मध्यरात्रीच्या घोड्यांच्या टापा. गड कुठलाही असो, भूत तेच. नाव तेवढं बदलायचं. गावातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारलं तर त्यांनी हे कधी ऐकलेलं नसतं. त्यांच्याकडे वेताळ असतो, मुंजा असतो, डोहातल्या साती आसरा असतात, पण प्रत्येकाची जागा ठरलेली, वेळ ठरलेली, आणि तिथं काय करायचं नाही हेही ठरलेलं. आसरांच्या डोहात पोरांनी उतरू नये. का, ते डोहाची खोली माहीत असलेल्याला विचारा. नव्या भुताला जागा नाही, वेळ नाही, त्याच्याकडून काही सूचना नाही. त्याचं एकच सांगणं: रात्री या, कॅमेरा आणा.

आणि लोक येतात. किंमत कोण मोजतं? रात्री दोन वाजता कुणी घसरलं की दार वाजतं ते पायथ्याच्या गावातलं. झोळी करून खाली आणतात ती गावातली पोरं, नाहीतर पदरमोड करून धावणारे रेस्क्यूचे स्वयंसेवक. महाराष्ट्र माउंटेनियर्स रेस्क्यू कोऑर्डिनेशन सेंटर असो की लोणावळ्याचं शिवदुर्ग, ही मंडळी नोकरी-धंदा सांभाळून हे करतात. हरिश्चंद्रगडाचा परिसर १९८६ पासून अभयारण्य आहे. तिथं रात्री आरडाओरड आणि झोतदिवे यांचा त्रास कुणाला होतो, हे भुताला नाही, बिबट्याला आणि घुबडाला विचारायला हवं. व्हिडिओवाल्याचं मात्र यातलं काही जात नाही.

नव्या भुताचा आणखी एक उपद्रव असा की ते खऱ्या गोष्टी गिळतं. शनिवारवाड्याचंच बघा. ३० ऑगस्ट १७७३ ला नारायणराव पेशव्यांचा गारद्यांकरवी खून झाला. सत्तेसाठी घरातल्या घरात केलेला कट, आणि खुद्द राघोबांना दोषी धरून देहान्त प्रायश्चित्त सांगणारे रामशास्त्री प्रभुणे. मराठ्यांच्या इतिहासातलं हे सगळ्यात भेदक प्रकरणांपैकी एक. त्याचं आज उरलं काय? अमावास्या-पौर्णिमेला ऐकू येणारी एक किंकाळी. न्यायाधीश गेला, कट गेला, किंकाळी राहिली. गडांवर तर अपघातांचं असं होतं. एखाद्या सुळक्यावर दोन-तीन माणसं पडली की ‘जागा खराब आहे’ असं म्हणून प्रकरण मिटतं. कठडा का नाही, गर्दी का मोजली नाही, दोर बांधणाऱ्याला ते येत होतं का, हे प्रश्न भुताच्या अंगावर ढकलता येतात, आणि भूत काही खुलासा करायला येत नाही.

मॅकडुईच्या शेजारी काय झालं पाहा. नोव्हेंबर १९७१ मध्ये एडिंबराच्या शाळकरी मुलांचा एक गट त्याच पठारावर हिमवादळात सापडला. पाच मुलं आणि त्यांच्यासोबतची अठरा वर्षांची शिकाऊ प्रशिक्षक, अशी सहा जणं गेली. वर पठारावर आसऱ्याला एक खोपटं होतं, ते गाठायचा त्यांचा प्रयत्न होता आणि ते बर्फात सापडलं नाही. करड्या माणसाचं घर तिथून फार लांब नाही. पण चौकशी झाली ती मुलांना हिवाळ्यात वर नेताना नेत्याचं शिक्षण किती हवं याची, आणि ती खोपटी माणसाला वाचवतात की उलट वर ओढून नेतात याची. पुढे १९७५ मध्ये पठारावरचे ते आसरे काढून टाकले. निर्णय बरोबर की चूक यावर तिथं अजून मतभेद असतील, पण वाद दगड, बर्फ, माणूस आणि नियम यांच्यावर झाला. भूत भुताच्या जागी राहिलं, शेकोटीपाशी. मला हे फार आवडतं.

याच्या उलट उदाहरण रशियातलं. उत्तर उरलमधल्या खोलात-स्याखल डोंगराच्या उतारावर फेब्रुवारी १९५९ मध्ये डोंगर भटकायला निघालेल्या द्यात्लोवच्या तुकडीतली नऊ तरुण माणसं मेली. तंबू आतून फाडलेला, माणसं अर्धवट कपड्यांत बाहेर पडलेली. पहिला संशय कुणावर? त्या डोंगरात पिढ्यान्‌पिढ्या शिकार करणाऱ्या मानसी जमातीवर. काही जणांची झडतीही झाली. त्यांच्याविरुद्ध काही निघालं नाही. मग पुढची साठ वर्षं शापित डोंगर, हिममानव, परग्रहावरचे लोक. २०२१ मध्ये गोम आणि पुझरिन या दोन शास्त्रज्ञांनी गणित मांडून दाखवलं की तंबूसाठी उतार खणल्यावर काही तासांनी बर्फाचा थर घसरून असा घात होऊ शकतो. यानं सगळ्या शंका मिटल्या असं त्यांचंही म्हणणं नाही. पण डोंगराला शापित ठरवताना त्या डोंगरातल्या माणसांकडे बोट वळायला वेळ लागत नाही, हे विसरू नये.

आपल्याकडे हे बोट कुठे वळतं ते सांगायला नको. सातपुड्यातल्या पाड्यांवर बाईला डाकीण ठरवून मारल्याच्या, गावाबाहेर काढल्याच्या बातम्या अजूनही येतात. बहुतेकदा ती एकटी असते, आणि कित्येकदा मागे जमिनीचा वाद असतो. इथं मी म्हणतो तो हिशेब लावायला दोन क्षण पुरतात. गोष्टीची किंमत एक जिवंत बाई मोजते. अशा गोष्टीला लोककथा म्हणून गोंजारणाऱ्यांशी माझं भांडण आहे.

आणि आपल्या कायद्यानं नेमकी हीच रेघ ओढली आहे, हे फार थोड्यांच्या ध्यानात येतं. २० ऑगस्ट २०१३ ला डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला, चार दिवसांत अध्यादेश निघाला आणि वर्षअखेर जादूटोणाविरोधी कायदा झाला. त्याला विरोध करणारे तेव्हा ओरडत होते की आता आजीनं नातवाला भुताची गोष्ट सांगितली तरी पोलीस येतील. कायद्याची अनुसूची काढून वाचा. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणं, साखळदंडानं बांधणं, भुताची भीती घालून लोकांना धमकावणं, साप-विंचू चावलेल्याला डॉक्टरकडे जाऊ न देणं, हे गुन्हे. भूत मानणं गुन्हा नाही, भुताची गोष्ट सांगणं तर नाहीच. कृती धरली, समजूत सोडली. दाभोलकरांनी अठरा वर्षं लढून जो मसुदा पुढे नेला त्याचं शहाणपण यातच आहे, आणि मोबाईलवर ‘सगळी अंधश्रद्धा’ असं लिहून मोकळं होणाऱ्यांपेक्षा ते किती तरी बारकाईचं आहे.

काही पर्यावरणवादी मित्र दुसऱ्या टोकाला जातात. त्यांचं म्हणणं, भुता-देवांच्या भीतीनंच देवराया टिकल्या, तेव्हा भीती जपा. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी सत्तरच्या दशकात महाराष्ट्रातल्या देवरायांचा अभ्यास केला, त्यातून या परंपरेचं मोल सगळ्यांना कळलं, हे खरं. गोव्यात, तळकोकणात सीमेवरचा देवचार राखणदार म्हणून आजही मान घेतो. पण भीतीच्या जोरावर डोंगर वाचेल हे दिवस सरले. पुण्याच्या वेताळ टेकडीवर खुद्द भुतांच्या राजाचं देऊळ आहे. रस्ता आणि बोगद्याचे नकाशे काढणाऱ्यांना त्याची धास्ती वाटल्याचं दिसलं नाही. टेकडीसाठी २०२३ मध्ये रस्त्यावर उतरले ते नागरिक, हातात भूजलाचे अहवाल आणि पक्ष्यांच्या याद्या घेऊन. वेताळाला त्यांनी सोबत घेतलं, नावापुरतं. तेवढं ठीक आहे.

तेव्हा करायचं काय? एक म्हणजे ‘हाँटेड’ या शिक्क्याला सरळ नकार द्यावा, पर्यटनाच्या जाहिरातीत आणि ट्रेक विकणाऱ्यांच्या पत्रकात तर नक्कीच. पैसे घेऊन माणसं वर नेणाऱ्यानं भूत दाखवायचं आमिष दाखवलं, तर वन विभागानं त्याचा परवाना बघावा. दुसरं, पायथ्याच्या गावांना त्यांच्या गोष्टींचा आणि वाटांचा मोबदला मिळावा. पाचनई, खिरेश्वरच्या पोरांना धुक्यातली वाट पायांना ठाऊक आहे. पावसाळ्यात वाटाड्या घेतल्याशिवाय पठारावर सोडू नये, आणि त्याची मजुरी शहरातल्या एका पिझ्झ्याच्या किमतीवर घासाघीस करून ठरू नये. चकव्याची गोष्ट चढताना त्यांच्याच तोंडून ऐकावी. ती अधिक चांगली सांगतात.

तिसरं तोलार खिंडीतलं. वाघाच्या दगडाजवळ एक फलक लावावा, मोठ्या अक्षरांत, मराठीत: वाट दिसेनाशी झाली तर थांबा, एकमेकांना सोडू नका, कोरडे कपडे घाला, आडोशाला बसा, उजाडू द्या. त्याच्या डोक्यावर ‘चकवा लागला तर’ असं लिहायला माझी हरकत नाही. चार ओळींच्या सूचनेपेक्षा ते दोन शब्द लोक लक्षात ठेवतील. अंनिसच्या, म्हणजे अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या, मित्रांची हरकत असेल, तर चहा माझ्याकडून, बसून भांडू.